महिला फुटबॉल लीगचे विजेते क्लब : करंडक उचलतात, मग जातात कुठे?

मैदानवेडी

मंडळी, इंडियन विमेन्स लीगचे २०२४-२५ पर्यंतचे विजेते पटापट सांगता येतील का कुणाला? मीच सांगते, कारण धाग्याचा विषयच तो आहे.

पहिला हंगाम २०१६-१७ चा, तो इम्फाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने जिंकला. दुसऱ्या वर्षी कटकचा रायझिंग स्टुडंट्स क्लब. २०१८-१९ ला मदुराईचा सेतू एफसी. त्यानंतर कोळिकोडच्या गोकुळम केरळाने सलग तीनदा करंडक नेला (२०१९-२०, २०२१-२२ आणि २०२२-२३, मधला हंगाम कोविडमुळे झालाच नाही). २०२३-२४ ला ओडिशा एफसी आणि २०२४-२५ ला ईस्ट बंगाल. म्हणजे आठ हंगामांत सहा विजेते.

वाचायला छान वाटतं, दरवर्षी नवा दावेदार वगैरे. पण पुढे काय झालं ते बघा. पहिल्या दोन्ही अंतिम सामन्यांत ईस्टर्न आणि रायझिंगच समोरासमोर होते. दिल्लीत ईस्टर्नने ३-० ने मारलं, पुढच्या वर्षी शिलाँगला रायझिंगने पेनल्टींवर हिशेब चुकता केला. आज त्या दोघांपैकी एकही वरच्या श्रेणीत नाही. ओडिशा एफसीचं तर आणखी विचित्र. २०२४ ला विजेता, २०२५ ला तळाच्या दोघांत, थेट दुसऱ्या श्रेणीत घसरण.

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये गतविजेता असा घसरला असता तर आठवडाभर चर्चा झाली असती. इथे चार ओळींची बातमी आली. मला खरंच जाणून घ्यायचंय, आपल्याकडे महिलांचा विजेता क्लब टिकत का नाही? आणि दुसरा प्रश्न मनातला : या यादीत महाराष्ट्राचं नाव कधी येणार?

---

ऑफसाइड

धागा काढलात ते फार बरं केलंत.

माझं मत थोडं वेगळं आहे. क्लबांची यादी बघण्याऐवजी प्रशिक्षकांची बघा. गोकुळमचं पहिलं विजेतेपद पी. व्ही. प्रिया यांच्या हाताखाली, पुढची दोन अँथनी अँड्र्यूज यांच्या हाताखाली. मग अँड्र्यूज ईस्ट बंगालला गेले आणि २०२४-२५ चा करंडक ईस्ट बंगालने उचलला. त्याच्या आदल्या हंगामात हाच संघ तळाकडे होता. ओडिशाला जिंकवलं क्रिस्पिन छेत्रींनी, ते पुढे राष्ट्रीय संघाकडे गेले आणि ओडिशाची गाडी उतरणीला लागली.

क्लबचा टीशर्ट बदलतो, पण जिंकण्याची पद्धत ज्याला ठाऊक आहे तो माणूस ज्याच्याकडे, करंडक त्याच्याकडे.

---

पेठेतला_गोलकीपर

कोल्हापूरकर हजर! महाराष्ट्राचा विषय निघालाय आणि मी गप्प बसेन होय?

एफसी कोल्हापूर सिटी हा आमचा संघ या लीगमध्ये खेळलाय, २०१८-१९ ला आणि त्याच्या पुढच्या हंगामातही. करंडक नाही मिळाला, पण देशाच्या लीगमध्ये कोल्हापूर हे नाव होतं. सविस्तर रात्री लिहितो.

---

हिशेबनीस

ऑफसाइड, प्रशिक्षकाचा मुद्दा मान्य. पण प्रशिक्षक क्लब का सोडतो, खेळाडू का सोडतात, त्याच्या मुळाशी पैसा आहे. जरा आकडे मांडतो.

सुरुवातीच्या हंगामांत विजेत्या संघाला १० लाख रुपये आणि उपविजेत्याला ५ लाख मिळायचे. आयएसएलच्या (पुरुषांच्या इंडियन सुपर लीगच्या) विजेत्याला ६ कोटी मिळाल्याचं आपण वाचलेलं आहे. पुरुषांशी तुलना नको म्हणाल, तर नुसता महिला क्लबचा खर्च बघू. २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाखांचा करार द्यायचा. निर्णय चांगलाच आहे. पण १० गुणिले ३.२, झाले ३२ लाख. त्यात उरलेल्या मुली, परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, राहणं, जेवण, विमानाची तिकिटं यातलं काहीच नाही.

म्हणजे अख्खी लीग जिंकून १० लाख हातात आले तरी दहा जणींच्या किमान पगाराचा तिसरा हिस्साही सुटत नाही. ज्याच्या पाठीशी मोठा उद्योगसमूह, मोठा पुरुष क्लब किंवा राज्य सरकार आहे तोच टिकणार. इम्फाळचा ईस्टर्न किंवा कटकचा रायझिंग कुठून टिकणार होते?

---

मैदानवेडी

हिशेबनीस, हे असं मांडल्यावर चित्र एकदम स्वच्छ होतं. पण मग ओडिशा एफसी? त्यांच्यामागे तर आयएसएलमधला क्लब होता.

---

हिशेबनीस

आयएसएल क्लबांचं महिला संघांशी नातं पातळ आहे. ज्या वर्षी खर्चाला कात्री लावायची वेळ येते त्या वर्षी ती पहिल्यांदा महिला संघावर चालते. केरळ ब्लास्टर्सचं उदाहरण आठवा. २०२३ ला पुरुष संघ प्लेऑफचा सामना अर्धवट सोडून मैदानाबाहेर गेला, महासंघाने ४ कोटींचा दंड केला आणि जूनमध्ये क्लबने महिला संघ थांबवत असल्याचं जाहीर केलं. मैदान सोडलं पुरुषांनी, संघ गेला मुलींचा. मला तेव्हा फार राग आला होता, अजूनही येतो.

---

ईशान्यवारा

नोकरीनिमित्त काही वर्षं इम्फाळला होतो म्हणून लिहितो.

वरच्या यादीत मणिपूरचा एकच क्लब दिसतो. पण अंतिम सामने बघा. २०१७ ईस्टर्न, २०१८ पुन्हा ईस्टर्न, २०१९ मणिपूर पोलीस, २०२० क्रिफ्सा. पहिल्या चारही अंतिम सामन्यांत मणिपूरचा संघ होता! आणि २०२३-२४ पासून लीग घरच्या-बाहेरच्या मैदानांवर सुरू झाली तेव्हा वरच्या श्रेणीतल्या सात संघांत मणिपूरचा एकही नव्हता. पुढच्या वर्षी आठ झाले, त्यातही नाही.

मग मणिपूरच्या मुली कुठे गेल्या? सगळीकडे! कुठलाही संघ घ्या, लाइनअपमध्ये देवी आणि चानू सापडणारच. २०२० चा बंगळूरचा अंतिम सामना आठवतोय का कुणाला? गोकुळम ३, क्रिफ्सा २. गोकुळमच्या तीन गोलांपैकी दोन परमेश्वरी देवी आणि कमला देवीचे. तिसरा, शेवटच्या मिनिटांतला, नेपाळच्या सबित्रा भंडारीचा. आणि ही कमला देवी म्हणजे पहिल्या हंगामात ईस्टर्नकडून सर्वाधिक गोल करणारी. म्हणजे मणिपूरच्याच मुलींनी मणिपूरच्या क्लबला हरवून केरळला करंडक दिला. मणिपूर या लीगचं माहेर आहे. मुली वाढतात तिथे आणि नाव होतं दुसऱ्या घरचं.

तिथे संध्याकाळी चारनंतर कुठल्याही लैकाईच्या (वस्तीच्या) मैदानावर जा. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. गोलसाठी बांबू रोवलेले. कडेला फणेक नेसलेल्या आज्या बसलेल्या असतात आणि पास चुकला की त्याच ओरडतात. मुलीने फुटबॉल खेळावं की नाही ही चर्चा मी तिथे एकदाही ऐकली नाही. चर्चा असायची ती डावा पाय चालतो की नाही याची.

---

चंद्रकोर

त्या आज्या मला आमच्या सोसायटीत हव्यात. :)

---

ऑफसाइड

ईशान्यवारा, जबरदस्त प्रतिसाद. चारही अंतिम सामन्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

यात बाला देवीचं नाव जोडतो. २०१७-१८ ला क्रिफ्साकडून आणि २०१८-१९ ला मणिपूर पोलिसांकडून ती लीगची सर्वाधिक गोल करणारी खेळाडू होती. त्या जोरावर जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सने तिला करारबद्ध केलं. पण दोन्ही वर्षी तिचा संघ जिंकला नाही. सर्वोत्तम खेळाडू ज्या संघात, करंडक त्या संघाला, असं या लीगमध्ये होतंच असं नाही.

---

अनघा_र

मी फुटबॉलची जाणकार नाही. पण माझी मुलगी खेळते, म्हणून हा धागा श्वास रोखून वाचतेय.

तिच्या शाळेत मुलांचा सराव सकाळी सातला आणि मुलींचा दुपारी एकला असायचा, कारण तेव्हाच मैदान रिकामं. एप्रिलमध्ये दुपारी एक! शाळेशी भांडले, तर उत्तर आलं की मुलींना रस असेल तर त्या येतील. त्या यायच्याच. एका मुलीचे बूट भावाचे होते, दोन नंबर मोठे. पुढे कापसाचा बोळा आणि वरून दोन जोड पायमोजे घालून ती विंगवरून असली धावायची की बघत राहावं. दहावीनंतर तिने खेळणं सोडलं. घरून विरोध नव्हता. पुढे खेळायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

माझी मुलगी मला विचारते, आई, सौम्या गुगुलोथसारखं व्हायचं असेल तर मी आत्ता कुठल्या क्लबात जायचं? मी काय सांगू? तुम्ही विजेता क्लब का टिकत नाही विचारताय. मला विचाराल तर आमच्या जिल्ह्यात हरण्यासाठीसुद्धा एक क्लब नाही.

---

मैदानवेडी

अनघाताई, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मीही कॉलेजपर्यंत खेळले आणि तिथेच थांबले, कारण तेच. मुलीला सांगा, सौम्या तेलंगणाची आहे, तिथेही महिला फुटबॉलचा मोठा क्लब नव्हता. ४ एप्रिल २०२५ ला कल्याणीला ओडिशाविरुद्ध तिने केलेल्या एकमेव गोलवर ईस्ट बंगालने लीग जिंकली. पुरुष संघाने २००३-०४ ला राष्ट्रीय लीग जिंकल्यानंतर त्या क्लबच्या घरात देशाचा लीग करंडक आला तो २१ वर्षांनी, आणि तो मुलींनी आणला.

---

बाकावरचा_प्रेक्षक

एक विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

पहिले सहा हंगाम एकाच गावात व्हायचे. दिल्ली, शिलाँग, लुधियाना, बंगळूर, भुवनेश्वर, अहमदाबाद. सगळे संघ तिथे जायचे, काही आठवडे खेळायचे आणि घरी यायचे. ही पद्धत वाईट होती असं सगळे म्हणतात. पण त्याच पद्धतीमुळे ईस्टर्न, रायझिंग आणि सेतूसारखे लहान क्लब विजेते होऊ शकले. एकदाच प्रवास, एकदाच मुक्काम. गावातला एखादा ध्येयवेडा माणूस वर्गणी काढून तेवढं जमवू शकतो.

घरचं मैदान-बाहेरचं मैदान सुरू झाल्यापासूनचे विजेते बघा : ओडिशा एफसी, ईस्ट बंगाल. दोघेही मोठ्या घरचे. लहान क्लबाने कोळिकोड, कोलकाता, बंगळूर, मदुराई असे दौरे करायचे कशाच्या जिवावर? म्हणून मला वाटतं, जुनी पद्धत परत आणली तरी हरकत नाही.

---

मैदानवेडी

राग कसला, मुद्दा वजनदार आहे. पण मला पटत नाही, का ते सांगते.

लुधियानाचा अंतिम सामना २२ मे ला झाला, भुवनेश्वरच्या साखळीचा शेवटचा सामना २६ मे ला, अहमदाबादचा अंतिम सामना २१ मे ला. ऐन वैशाखातलं ऊन! भुवनेश्वरला प्रत्येक संघ सहा आठवड्यांत ११ सामने खेळला. गोकुळमने अकराच्या अकरा जिंकले, शेवटचा सेतूविरुद्ध ३-१. कामगिरी म्हणून ती अफाटच आहे. पण तीन-चार दिवसांनी एक सामना, तोही तसल्या उन्हात, यात स्नायू सावरायला वेळ मिळत नाही आणि चुका सुधारायला सरावही मिळत नाही. आणि मे संपल्यावर? पुढचे दहा महिने त्या मुली काय करतात? कुणी पोलिसात, कुणी घरी, कुणी गावच्या बक्षिसाच्या स्पर्धांत. सेतूला जिंकवणारी इंदुमती कतिरेसन तमिळनाडू पोलिसात उपनिरीक्षक आहे. कोविडमध्ये ती चेन्नईच्या रस्त्यावर बंदोबस्ताला उभी होती. तिच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण देशाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला वर्षभर फुटबॉल मिळालाच पाहिजे.

आणि एका गावात लीग झाली तर मदुराईच्या मुलीला तिचा क्लब खेळताना दिसणार कधी? प्रेक्षक तयार होतो तो घरच्या मैदानावर.

---

बाकावरचा_प्रेक्षक

प्रेक्षकांचा मुद्दा मान्य. मग प्रवासाचा खर्च महासंघाने उचलावा. त्याशिवाय ही पद्धत म्हणजे लहान क्लबांना दार बंद.

---

हिशेबनीस

बाकावरचा_प्रेक्षक यांना +१. दोघांचंही बरोबर आहे आणि खर्च कोण करणार यावरच सगळं अडतं. विजेतेपदाचं बक्षीस वाढवण्यापेक्षा प्रत्येक संघाला प्रवास आणि मुक्कामाचं अनुदान द्या. बक्षीस एकालाच मिळतं, अनुदानाने आठही संघ उभे राहतात.

---

पेठेतला_गोलकीपर

आलो. रात्री म्हणालो होतो, दोन रात्री गेल्या, पण आलो.

बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, हे इथले संघ. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की दुकानं लवकर बंद करून लोक येतात. घरात नवरा एका तालमीचा आणि मेहुणा दुसऱ्या तालमीचा असेल तर सामन्यादिवशी जेवायला एकत्र बसत नाहीत. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात २०१७ ला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

आता एवढं सगळं आहे, तर मुलींचा संघ आणखी मोठा का झाला नाही? मी एफसी कोल्हापूर सिटीच्या मुलींचा सराव पाहिलाय. एक लेफ्ट बॅक होती, सायकलवरून यायची, किट कॅरिअरला बांधलेलं. सरावानंतर चेंडू मोजून पिशवीत भरायचं कामही तिच्याकडेच. तिला मी विचारलं, तुझी पेठ कुठली? म्हणाली, काका, आमची पेठ नाही, आमचा फक्त संघ आहे.

तिथेच सगळं आलं. पेठेचा संघ हरला तरी पेठ त्याच्या मागे असते. वर्गणी देते, जखमी पोराला दवाखान्यात नेते, नोकरीसाठी शब्द टाकते. मुलींच्या संघामागे तसं माणूसबळ नाही. आमच्या मोठ्या तालमींनी ठरवलं की आपल्या नावाचा मुलींचा संघ वर्षभर चालवायचा आणि पुरुषांच्या सामन्याआधी त्याच स्टेडियमवर, त्याच तिकिटात त्यांचा सामना ठेवायचा, तर पाच वर्षांत चित्र पालटेल. प्रेक्षक आयते बसलेले आहेत राव, नव्याने आणायचेही नाहीत!

---

चंद्रकोर

गोलकीपर काका, नवऱ्याच्या आणि मेहुण्याच्या वादात तिसरी बाजू घ्यायला घरातल्या मुलीचाही संघ झाला तर जेवायला कोणीच बसणार नाही. पण होऊ दे!

---

अनघा_र

पेठेतला_गोलकीपर, "आमची पेठ नाही, आमचा फक्त संघ आहे" हे वाक्य मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग आपण कोल्हापूरला राहायला जाऊ. बारावीपर्यंत थांब म्हटलंय.

---

सागरतळ

मुंबई-पुण्याचंही लिहा कुणीतरी. पहिल्याच हंगामाच्या अंतिम फेरीत सहा संघ होते, त्यात एफसी पुणे सिटी होता! दुसऱ्या हंगामात मुंबईचा इंडिया रश, पुढे २०२१-२२ ला पिफा, २०२२-२३ ला मुंबई नाइट्स. म्हणजे २०२२-२३ पर्यंत महाराष्ट्राचं नाव सतत होतं, पण जवळजवळ प्रत्येक वेळी वेगळं. एकच क्लब सलग पाच वर्षं टिकला असं झालं नाही. एफसी पुणे सिटी तर २०१९ मध्ये पूर्णच बंद झाला, पुरुष संघासकट, आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्या पहिल्या संघातल्या मुलींचं पुढे काय झालं असेल, याचा विचार मनात येतो.

---

ऑफसाइड

सागरतळ, हाच फरक आहे बघा. सेतू २०१७-१८ पासून आहे. मधे विजेता झाला, मग उपविजेता झाला, पण वरच्या श्रेणीत टिकून राहिला. गोकुळमही तेव्हापासून आहे आणि सुरुवातीला काही तो जिंकत नव्हता. दर वर्षी तोच संघ, तीच व्यवस्था. २०२२ ला तर पुरुषांचा आय-लीग आणि महिलांची लीग, दोन्ही करंडक एकाच वेळी गोकुळमकडे होते. मला वाटतं "चॅम्पियन क्लब" ही पदवी खरोखर कुणाला द्यायची तर या दोघांना.

---

निळीजर्सी

आशियात गेल्यावर मात्र आपले विजेते कुठे उभे आहेत ते कळतं. ओडिशा एफसी २०२४ ला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचला, ही मोठी गोष्ट. पण जपानच्या उरावा रेड्सने १७-० ने हरवलं. सतरा! विजेता म्हणून मिरवण्याआधी हे आकडे बघायला हवेत.

---

मैदानवेडी

निळीजर्सी, त्या १७-० चं मलाही वाईट वाटलं, पण त्यावरून आपल्या मुलींना मोजू नका. जपानमध्ये २०२१ पासून पूर्ण व्यावसायिक महिला लीग आहे आणि त्याआधीची कित्येक दशकं संघटित लीग होती. आपल्याकडे घरचं-बाहेरचं मैदान सुरू झालं तेच डिसेंबर २०२३ ला. त्या लीगच्या पहिल्या हंगामाचा विजेता उरावासमोर उभा राहिला होता.

आणि गोकुळमची गोष्ट विसरू नका. २०२१ ला जॉर्डनमध्ये अकाबाला ते आशियाई स्पर्धेत खेळले, उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरला ३-१ ने हरवलं, मनीषा कल्याणने गोल केला. पुढच्या वर्षी ताश्कंदला पोचले आणि पोचल्या पोचल्या फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. क्लबने पंतप्रधानांना साकडं घातलं, क्रीडा मंत्रालयाने पत्रं लिहिली, काही उपयोग झाला नाही. किट घालून तयार असलेल्या मुली न खेळता परत आल्या. काही दिवसांनी निलंबन उठलं, पण तोवर त्यांची स्पर्धा गेली होती. विजेतेपद मिळवलं मैदानावर, गमावलं कार्यालयात. त्या मुलींचा काय दोष होता?

---

निळीजर्सी

ताश्कंदचं विसरलं जाऊच नये. तुमचं म्हणणं पटलं. २०२५ ला ईस्ट बंगालनेही पात्रता फेरीतून गट गाठला, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं भारताचा विजेता आशियाई गटात. ही पायरी वरच जातेय.

---

ईशान्यवारा

शिवाय जुलै २०२५ ला थायलंडमध्ये जाऊन थायलंडलाच २-१ ने हरवून भारत आशियाई चषकाला पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. प्रशिक्षक कोण? वर ऑफसाइड म्हणाले तेच क्रिस्पिन छेत्री. ज्या संघाने हे केलं त्यातल्या बहुतेक मुली याच लीगमधून आल्यात. लीगचे दोष आहेतच, पण तिने देशाला संघ दिला हेही खरं.

---

भोरकर

अवांतर : वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाचं नाव राजमाता जिजाबाई ट्रॉफी आहे हे किती जणांना माहीत आहे? राज्यांचे संघ खेळतात त्यात. मणिपूरने ती स्पर्धा वीसहून जास्त वेळा जिंकली आहे. जिजाऊंच्या नावाचा करंडक आपल्या मातीत यावा असं फार वाटतं.

---

पेठेतला_गोलकीपर

भोरकर, अवांतर कसलं, काळजाला हात घातलात!

---

सागरतळ

मैदानवेडी यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येतो. महाराष्ट्राचं नाव कधी येणार? रस्ता तर समोर आहे. आता लीगची दुसरी श्रेणी आहे. तिथून २०२४ ला कोलकात्याचा श्रीभूमी आणि ओडिशाचा नीता अकादमी वर आले. २०२५ ला दिल्लीचा गढवाल युनायटेड आणि गोव्याची सेसा अकादमी. सेसाचंच बघा ना, आपल्या शेजारचं राज्य, लोकसंख्या आपल्या एका मोठ्या जिल्ह्याएवढीही नाही. त्यांनी मुलींची अकादमी चालवली, दुसऱ्या श्रेणीत खेळले, वर गेले. यात अशक्य काय आहे?

आपल्याकडे क्लब निघतात ते थेट देशाच्या लीगमध्ये उतरायला. मुली इकडून-तिकडून गोळा करतात, एक हंगाम खेळतात, दमतात. खालून १३ आणि १५ वर्षांच्या मुलींचे संघ असतील तरच तो क्लब टिकेल.

---

हिशेबनीस

सहमत. आणि वयोगटाच्या संघांचा खर्च मोठ्या संघाच्या मानाने किरकोळ असतो. परदेशी खेळाडूच्या एका कराराच्या पैशांत लहान मुलींचा अख्खा संघ काही वर्षं चालेल. फाझिला इक्वापुत किंवा एल्शदाई आचेम्पॉन्गसारख्या खेळाडूंनी लीगचा दर्जा वाढवला यात वाद नाही. पण त्या येतात आणि जातात. सबित्रा भंडारीने २०२२-२३ ला गोकुळमला जिंकवलं आणि काही महिन्यांत ती फ्रान्सच्या लीगमध्ये होती. तिचं कौतुकच आहे, पण क्लबाला मागे उरतं काय ते महत्त्वाचं.

---

अनघा_र

१३ वर्षांच्या मुलींचा संघ कुणी काढत असेल तर आमच्या भागातून निदान डझनभर मुली येतील, आया मी गोळा करते. मैदानाची वेळ तेवढी दुपारी एकची नको.

---

मैदानवेडी

अनघाताई, मी सराव घ्यायला तयार आहे, शनिवार-रविवार सकाळी. प्रशिक्षकाचा प्राथमिक परवाना काढलाय, तो नुसता कपाटात पडलाय. तुम्ही कुठल्या भागात राहता ते व्यक्तिगत संदेशातून कळवा, इथे उघड लिहू नका.

गोलकीपर काका, तालमींशी बोलायचं मनावर घ्याच. आणि सागरतळ, राज्य संघटनेच्या महिला स्पर्धेत क्लब म्हणून नोंदणी करायला काय लागतं याची माहिती तुमच्याकडे आहे का?

---

सागरतळ

नोंदणीचे नियम दर हंगामाला बदलतात. संघटनेच्या कार्यालयात जाऊन विचारतो आणि या धाग्यावरच टाकतो.

---

पेठेतला_गोलकीपर

माझ्या तालमीची बैठक गणपतीनंतर आहे. विषय मांडतो. म्हातारे कुरकुर करतील, पण दोघा-तिघांच्या नाती खेळतात, त्यांना पुढे बसवतो.

---

चंद्रकोर

नातींना जर्सी घालूनच आणा बैठकीला!